नंबर तोच, घराणं वेगळं
बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर ७४एलएस०० मागितली आणि ती संपलेली असली, की दुकानदार ७४एचसी०० पुढे करतो. ‘एरडू ओंदे सार’, म्हणजे दोन्ही एकच. चौदा पायांची तीच काळी चिप, आत तेच चार नँड गेट, पायांचा क्रमही तोच. बदलतात ती फक्त मधली, चिपचं घराणं सांगणारी अक्षरं. कारखान्यातल्या मशिनींची कंट्रोल कार्डं दुरुस्त करणं हा माझा धंदा. ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ अशी तक्रार घेऊन कार्ड आलं, की मी आधी ही अक्षरं वाचतो.

कॉम्प्युटर ० आणि १ वर चालतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तारेत ० किंवा १ नसतो, व्होल्टेज असतं. किती व्होल्टला १ म्हणायचं, हे प्रत्येक लॉजिक घराणं आपापलं ठरवतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ साली बाजारात आणलेलं टीटीएल घराणं ५ व्होल्टवर चालतं. त्याच्या इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत ० आणि २ व्होल्टच्या वर १. मधला पट्टा म्हणजे तिन्हीसांज, तिथे चिप काय समजेल याची हमी नाही. म्हणून आउटपुट जरा जास्तच सांभाळून वागतं: १ देताना किमान २.४ व्होल्ट, ० देताना जास्तीत जास्त ०.४. दोन्हीकडे ०.४ व्होल्टची मोकळीक राहते आणि तेवढा गोंगाट तारेत शिरला तरी बिघडत नाही. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो.

टीटीएलचा दोष एकच, भूक. जुन्या ७४०० मधला एक गेट स्वस्थ बसून सुमारे १० मिलिवॉट खातो. टीटीएलच्याच एलएस शाखेने ती भूक २ मिलिवॉटवर आणली. खरा तोडगा मात्र फेअरचाइल्डच्या फ्रँक वॉनलास यांनी १९६३ मध्येच काढला होता, सीमॉस. उलट स्वभावाचे दोन ट्रान्झिस्टर जोडीने लावायचे, एक चालू असताना दुसरा बंद. मग गेट बदलतो तेवढ्यापुरतीच वीज लागते. सुरुवातीला सीमॉस मंद होतं. त्यातलं एचसी घराणं आलं तेव्हा वेगात एलएसच्या बरोबरीला पोचलं. दहा कोटी गेट जुन्या टीटीएलचे लावले असते तर त्यांना दहा लाख वॅट लागले असते. खिशातला मोबाइल शक्य झाला तो सीमॉसमुळे.

पण एचसीची १ ची अट वेगळी आहे, पुरवठ्याच्या साधारण ७० टक्के, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. एलएसचं आउटपुट हमी देतं २.७ ची, प्रत्यक्षात ३.४ च्या आसपास जातं. टेबलावर हे चालूनही जातं, कारण एचसी खरी उलटते अडीच व्होल्टच्या जवळपास. पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपचं कार्ड असंच होतं. माझ्याकडे दिवसभर ठणठणीत, तिथे शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला की काउंटर उड्या मारायचा. ऑसिलोस्कोप लावला तर १ ची रेषा ३.३ व्होल्टवर, आणि मोटर सुरू होताना तिच्यात खाली जाणारे काटे. आधी कुणीतरी एलएसच्या जागी एचसी बसवली होती. मी ७४एचसीटी०० लावली. तिचं इनपुट टीटीएलचीच २ व्होल्टची अट मानतं. एचसीटी मिळाली नसती तर तिला सिग्नल देणाऱ्या एलएसच्या आउटपुटवरून ५ व्होल्टला एक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडूनही भागलं असतं.

टीटीएल आणणाऱ्या त्याच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बेंगळुरूत डिझाइन केंद्र उघडलं. आज या शहरात चिपचं डिझाइन करणारी पोरं खूप आहेत, पण त्यांच्या पडद्यावर ० आणि १ स्वच्छ दिसतात. कॉलेजांनी प्रत्येकाला एकदा तरी एलएसपुढे एचसी जोडायला लावावी आणि मधलं व्होल्टेज स्कोपवर दाखवावं.

आणि चिप बदलणाऱ्यांनी दोन आकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत: नव्या चिपला सिग्नल देणारी चिप १ साठी किमान किती व्होल्ट देते, आणि नवी किमान किती मागते. पहिला आकडा मोठा असेल तरच नवी चिप घ्या.