पोकलेनच्या पंपाची दुरुस्ती

विहिरीच्या खोदाईपासून रस्त्याच्या कामापर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या पोकलेनच्या, म्हणजे साखळ्यांवर चालणाऱ्या खोदाई यंत्राच्या, दुरुस्त्यांत मालकाला सर्वाधिक धास्ती असते ती हायड्रॉलिक पंपाची. कारण इंजिनाची ताकद तेलाच्या दाबात बदलून बूम व बकेटच्या सिलिंडरांपर्यंत आणि साखळ्या फिरवणाऱ्या मोटरींपर्यंत पोचवणे हे त्याचे काम असते आणि तो गेला की यंत्र जागेवर उभे राहते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. वीस टनी यंत्रात हा दाब सुमारे 350 बारपर्यंत चढतो, आणि तो टिकून राहण्यासाठी पंपातला पिस्टन व त्याचे घर यांतली फट मायक्रॉनांत मोजण्याइतकी बारीक ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून तेलात शिरलेली बारीक धूळ तिथे काय करीत असेल हे समजते.

बिघाडाची चाहूल बहुधा आधी लागते. सकाळी तेल थंड व दाट असताना नीट चालणारे यंत्र दुपारी तेल तापून पातळ झाल्यावर मंदावू लागले, तर झिजलेल्या फटींतून तेल आतल्या आत निसटत असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी कसलेला मेस्त्री पंप लगेच उतरवीत नाही. तो गेज लावून दाब पाहतो, पंपाच्या कवचातून टाकीकडे परतणारी गळती मोजतो आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात उलगडतो. तिथे पिवळसर चकाकणारा कीस सापडला, तर तो बहुधा पिस्टनच्या शूचा, म्हणजे तिरक्या तबकडीवर घसरणाऱ्या ब्राँझच्या तुकड्याचा असतो, आणि व्हॉल्व्ह ब्लॉक, सिलिंडर, कूलर व टाकी यांतही तो पसरलेला असू शकतो.

खरा पैसा वाया जातो तो यापुढे. ठेकेदाराच्या तगाद्यामुळे मालक घाईने दुसरा पंप बसवून घेतो, टाकी धुणे, होजपाइप सोडवून साफ करणे, सगळे तेल व फिल्टर बदलणे ही वेळखाऊ कामे टाळतो, आणि मागे राहिलेला कीस त्या पंपालाही खातो. पंपाचे कवच आधी तेलाने न भरता इंजिन चालू केले, तर कोरडे शू पहिल्या काही क्षणांतच ओरबाडले जातात. म्हणून नुसत्या पंपाचे दरपत्रक मालकाने स्वीकारू नये. तेल, फिल्टर आणि सफाईची मजुरी त्यात आधी लिहून घ्यावी.