कुतच्या वेढ्यातील दोन व्याधी

तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेने ज्या सहाव्या पुणे डिव्हिजनला कोंडले, आणि जीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या, तिच्या शिध्याचा इतिहास आहारशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा.

गोऱ्या शिपायांस मैद्याचा पाव मिळे. कोंडा व अंकुर यांच्यासमवेत ब१ जीवनसत्त्वही निघून गेलेले असल्यामुळे त्यांच्यात बेरीबेरी उद्भवली, म्हणजे पाय बधिर होणे, अंगावर सूज चढणे आणि पुढे हृदयच दुर्बळ होणे. हिंदी शिपाई कोंड्यासह दळलेली कणीक खात, सबब ते या विकारापासून बहुतांशी मुक्त राहिले. आणि मैदा सरत आल्यावर गोऱ्यांच्याही पानात भरड पीठ पडू लागले, तेव्हा त्यांचा आजार ओसरला. टंचाईने असा उपकार क्वचितच केला असेल!

परंतु ताज्या भाजीफळांचा दुष्काळ होता. घोड्याच्या ताज्या मांसातून मिळू शकणारे थोडेसे क जीवनसत्त्वही, हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा मागवली असताना, अनेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नाकारले. परिणामी त्यांना स्कर्व्हीने गाठले: हिरड्यांतून रक्त वाहे, दात हलत, जखमा भरून येत नसत. या निग्रहास केवळ हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शरणागती २९ एप्रिल १९१६ रोजी झाली. ब१ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९२६ मध्ये.