रॅलीचा टायर आणि लघुउद्योजकाचे भांडवल

रिछाईसारख्या औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या लघुउद्योजकाने मोटार-रॅलीसाठी खास टायर बनविण्याचा प्रस्ताव बँकेपुढे मांडला, तर त्याचा विचार कसा करावा? प्रश्न काल्पनिक असला तरी अगदीच दूरचा नाही. जबलपूरमध्ये १९६९ पासून लष्करी वाहनांचा कारखाना आहे. यंत्रकाम जाणणाऱ्या हातांची तेथे वाण नाही.

रॅली ही बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत नव्हे. खडी, चिखल, घाटातील डांबरी रस्ता, क्वचित बर्फ, अशा वाटेवर प्रत्येक गाडी एकेकटी, घड्याळाशी स्पर्धा करीत धावते. खडीवर साधारणतः १५ इंची रिमचा, भक्कम बाजूंचा टायर लागतो. डांबरावर १८ इंची, रुंद आणि बुटका. रबर मऊ ठेवले तर पकड वाढते, पण तापलेल्या खडकाळ वाटेवर ते झपाट्याने झिजते. कठीण केले तर टिकते, मात्र ओल्या मातीवर गाडी घसरते. म्हणून एकच टायर निरनिराळ्या मिश्रणांत बनवावा लागतो. शिवाय प्रत्येक मापाला आणि नक्षीला स्वतंत्र साचा हवा. त्या साच्याचा खर्च वीस हजार नगांवर पसरला तर जाणवत नाही. दोनशे नगांवर पसरला तर कंबरडे मोडतो.

बँकेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गंधक मिसळलेले कच्चे रबर फार दिवस साठविता येत नाही, आणि तयार टायरही नुसता पडून राहिला तरी वयाने कठीण होत जातो. हंगाम संपल्यावर गोदामातील मालाची किंमत पुस्तकात दिसते तेवढी उरत नाही. तेव्हा कॅश क्रेडिटची मर्यादा ठरविताना केवळ नग मोजून भागणार नाही. कारखान्याची बॅच-नोंदवही मागून उत्पादनाची तारीख पाहिली पाहिजे.

या व्यवसायाचे आपल्याकडील ठळक उदाहरण एमआरएफचे. आज ही बलाढ्य कंपनी आहे, गोव्यात फोंडा तालुक्यातही तिचा कारखाना आहे, पण के. एम. माम्मेन माप्पिल्लई यांनी १९४६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे सुरुवात केली ती खेळण्यातल्या फुग्यांनी! १९५२ मध्ये ते ट्रेड रबराकडे, म्हणजे झिजलेल्या टायरवर चढवायच्या नव्या थराकडे वळले. टायर आले ते साठच्या दशकात, अमेरिकेतील मॅन्सफिल्ड कंपनीच्या सहकार्याने. पुढे एमआरएफ संघाकडून गौरव गिल यांनी २०१३, २०१६ व २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद मिळविले, तर २०२२ मध्ये याच संघाचे स्पॅनिश चालक एफ्रेन यारेना युरोपीय विजेते ठरले.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २०२५ पासून हँकूक ही एकच कंपनी टायर पुरविते. तेथे लहान उत्पादकाला दार बंदच. रिछाईच्या उद्योजकाने म्हणून आधी मालमोटारींच्या रिट्रेडिंगचे काम दाखवावे. त्यातून वर्षभर पैसा फिरता राहतो, आणि रॅलीचे शे-दोनशे टायर संघांची आगाऊ रक्कम हाती आल्यावर, हंगामाच्या तोंडावरच घडविता येतात.