अर्धा राहिलेला चहा

रोज सकाळी दुसरा कप हक्काने मागून घेणारे आजोबा एके दिवशी पहिलाच चहा अर्धा ठेवतात, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात आणि मावशींना भलत्याच नावाने हाक मारतात; अशा वेळी कपाळाला हात लावून ‘ताप तर नाही’ असे म्हणत पुढच्या खाटेकडे वळणे, ही वृद्धाश्रमातील पहिली चूक होय. जराजर्जर देहात इन्फ्लुएन्झा शिरला तरी ताप चढेलच असा नेम नसतो. अन्नावरची वासना उडणे, भ्रम होणे, तोल जाऊन पडणे, एवढ्यावरच पुष्कळदा तो ओळखावा लागतो. म्हणून तो अर्धा कप त्याच घटकेला नोंदवहीत चढला पाहिजे.

72 तासांच्या अवधीत दोघे आजारी पडले आणि त्यांपैकी एकाच्या तपासणीत इन्फ्लुएन्झा निश्चित झाला, की साथ आली असे धरून कामाला लागावे, असा अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचा दंडक आहे. आजाऱ्यांना ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि तेही अहवालाची वाट न पाहता द्यायचे. आजाऱ्यांच्या मजल्यावरील निरोगी निवाशांनाही ते रोज एकदा, निदान दोन आठवडे आणि शेवटचा रुग्ण आढळल्यावर आणखी सात दिवस उलटेपर्यंत चालू ठेवायचे. ‘धडधाकट माणसाला औषध कशाला?’ हा नातेवाइकांचा ठरलेला सवाल. परंतु संसर्गानंतर लक्षणे उमटायला एक ते चार दिवस लागतात आणि ती उमटण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस रोग वाटू लागतो, त्यामुळे काल पंगतीत शेजारी बसलेल्यास आज निरोगी कोणत्या आधारे म्हणावे? मूत्रपिंड अधू असल्यास मात्रा कमी करावी लागते. तेव्हा प्रत्येकाचा क्रिएटिनिनचा आकडा आधीच दप्तरी असावा, एरवी ऐन गर्दीत प्रयोगशाळा शोधत बसावे लागते.

जेवण खोलीत, भजन काही दिवस बंद, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या मावशींची दुसऱ्या मजल्यावर पाळी नाही, हा बंदोबस्त ओघानेच आला.

मात्र साथ आत आणतात ती बाहेरून येणारी माणसे. स्कॉटलंडातील वीस दीर्घनिवासी रुग्णालयांच्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कर्मचाऱ्यांना लस देऊ केलेल्या ठिकाणी वृद्धांचे मृत्यू 13.6 टक्के, तर इतरत्र 22.4 टक्के आढळले. नमुन्यांच्या तपासणीत मात्र इन्फ्लुएन्झाच्या प्रमाणात तसा फरक दिसला नाही, म्हणून या आकड्यांवर पुढे वाद झाला. माझ्या मते वाद असला तरी लस टोचून घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात हा रोग बळावतो आणि लशीचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा विश्वस्तांनी मे महिन्यातच निवाशांबरोबर मावशींनाही लस टोचवावी, आणि खोकला झाल्यावर घरी राहिलेल्या मावशींचा रोज कापू नये.