परसबाग टिकवायची तर बी घरचं ठेवा

अकोले : पावसाळा आला की गावोगाव परसबागेसाठी भाजीच्या बियांची पाकिटं वाटतात. पहिल्या वर्षी बाग झकास होते, फोटोही निघतात. पुढच्या वर्षी पाकीट आलं नाही की बऱ्याच घरामागं नुसतं गवत दिसतं. पाकिटातलं बी हायब्रीड असेल तर त्याचं धरलेलं बी पुढं मूळ वेलासारखं फळत नाही. मग परत दुकान.

आपल्याच जिल्ह्यात याला उत्तर आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वाल, घेवडा, भात, नागली अशी गावरान वाणं त्यांनी घरात जपली. बायफ संस्थेच्या मदतीनं बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची रीत साधी : बी न्या, पिकवा आणि दुप्पट परत आणून द्या. त्यातूनच पुढच्या घराला बी मिळतं.

हे पाच-दहा घरांनी मिळून केलं तर सोपं जातं. वाल, चवळीचं बी घरी धरायला काही अवघड नाही. चांगल्या वेलाच्या भरदार शेंगा तोडू नका, वेलावरच वाळू द्या. मग सावलीत सुकवून, चुलीची चाळलेली राख मिसळून मडक्यात झाकून ठेवा. दुधी, दोडका, भोपळ्याचं मात्र जपून. मधमाश्या एका वेलावरून दुसऱ्या वेलावर जातात, त्यामुळं शेजारी दुसऱ्या जातीचा दुधी असला तर बी मिसळतं. म्हणून आळीत एका भाजीची एकच जात लावायची, हे बायांनी आधीच ठरवून घ्यावं. (गड्यांना विचारत बसलात तर मृग निघून जाईल!)

हा खटाटोप कशासाठी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आठवडे बाजारात भाजी महागली की ताटातली पालेभाजी आधी जाते. दारात शेवगा, राजगिरा, चवळी असली की तेवढी तरी सुटत नाही. वरून लिंबू पिळा, भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं.

पाण्याचंही फार अडत नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्यात सोडा, साबणाचं मात्र पालेभाजीला नको, ते केळीला जाऊ द्या. शेवग्याला तर बीसुद्धा लागत नाही. हाताएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडाला रोवली की फुटते.