दोन रुळांच्या मधलं पिशोर

पिशोरला रेल्वे नाही, कधी नव्हतीही. कन्नड तालुक्यातलं हे गाव. उत्तरेला घाट उतरलं की खानदेश, दक्षिणेला औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. रुळांनी शेतीच्या मुलखात माणसं कशी वाढवली, हे पाहायला ही जागा नामी आहे. डोंगराच्या दोन्ही अंगांना दोन वेगळ्या राजवटींत दोन रेल्वे आल्या, त्याही जवळपास चाळीस वर्षांच्या अंतराने.

घाटाखाली ती आधी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ 1860च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे सरकत गेले. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खानदेशच्या काळ्या जमिनीचे दिवस फिरले. 1818मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा हा मुलूख उजाड होता. पडीक रान मुबलक, कसणारे थोडे. 1872च्या गणतीत खानदेशात सुमारे 10 लाख माणसं होती, 1891मध्ये 14 लाखांवर. याचं सगळं श्रेय इंजिनाला देणारे मला पटत नाहीत. बंदोबस्त झाला होता, सारा ठरला होता, पडीक मोडायला लोक आधीच येऊ लागले होते. पिकवलेला माल मुंबईला पोचण्याची खात्री रेल्वेने दिली आणि माणसांनी गोळा कुठे व्हायचं तेही तिनेच ठरवलं. भुसावळ हे खेडं रेल्वेच्या कामगारांनी शहर करून टाकलं. जळगाव कापसाची पेठ झालं आणि 1906मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणंही तिथेच गेलं. रुळापासून बाजूला राहिलेलं एरंडोल मागे पडलं.

घाटावर निजामाचं राज्य. मनमाडहून औरंगाबाद, जालना करत सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे 1900च्या सुमारास सुरू झाली, पण मीटर गेजवर. मुंबईच्या रुळांची रुंदी 1.676 मीटर, इकडची एकच. त्यामुळे मनमाडला प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढायचं. त्यात संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात, वेगळी. मुहूर्तही वाईट होता: 1899-1900चा दुष्काळ. रूळ धान्य आणतात तसे नेतातही, आणि खिशात दमडी नसलेल्याला स्टेशनावरच्या पोत्यांचा काय उपयोग? 1901च्या गणतीत रेल्वे असलेल्या खानदेशातही माणसं किंचित घटलेलीच दिसली.

पिशोरसारख्या गावांना स्टेशन म्हणजे बैलगाडीचा लांबचा पल्ला. चाळीसगावकडे उतरायचं तर कन्नडवरून औट्रम घाट. भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचं नाव त्या घाटाला अजून चिकटलेलं आहे.

पुढे गणितच बदललं. 1985मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, औरंगाबाद झपाट्याने फुगू लागलं, तेव्हा स्टेशनात अजून मीटर गेजच होतं. ब्रॉडगेज आलं 1990च्या दशकात. शहर वाढवलं ते ट्रकांनी.

आता 2024मध्ये जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या, 7,106 कोटींच्या नव्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तो सिल्लोड, अजिंठ्याकडून, म्हणजे पिशोरच्या पूर्वेने जाईल. सिल्लोडला किती गाड्या थांबतील याची चर्चा होईलच. मका आणि अद्रक पिकवणाऱ्या या पट्ट्यासाठी मला आधी विचारावंसं वाटतं ते हे, की तिथे मालधक्का होणार आहे का.