शेणी भरताना पोरं सोबत असू द्या

होळी तोंडावर आली की कोल्हापुरात पेठापेठांतली तालमी-मंडळं होळी लहान करतात आणि उरलेल्या शेणी स्मशानभूमीला देतात. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, शेणी म्हणजे गोवऱ्या. आपली महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, त्याला या दानाचा मोठा आधार असतो. टेम्पोत शेणी भरायला वडीलधाऱ्यांबरोबर बारकी पोरंही धावतात. मला लिहायचं आहे ते या पोरांविषयी.

'आमचा मुलगा कुणाला काही देत नाही हो डॉक्टर, किती समजावलं!' ही तक्रार बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकू येते. पण समजावण्यात खरंच किती जोर असतो? ब्रायन आणि वॉलबेक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खेळात जिंकलेल्या बक्षिसातलं काही गरजू मुलांना द्यायचं होतं. मुलांसमोर एक जण दान करावं असं सांगे, पण स्वतः काहीच देत नसे. दुसरा उलट वागे. पुढं मुलांनी बोलताना ऐकलेलंच बोलून दाखवलं, पण द्यायची वेळ आली तेव्हा पाहिलेलंच केलं. रश्टन यांच्या १९७५ च्या अभ्यासात तर हातानं दिलेल्या उदाहरणाचा परिणाम दोन महिन्यांनंतरही टिकून होता.

द्यायची गोडी मुळात मुलांत असतेच. कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांचे चेहरे न्याहाळले. खाऊ मिळाल्यापेक्षा तो दुसऱ्याला देताना ती जास्त खुलली, आणि स्वतःच्या वाटणीतला दिला तेव्हा आणखी. म्हणून मुलाच्या हातात देणगीची नोट कोंबण्यापेक्षा त्याच्या खाऊच्या पैशांतला थोडा भाग त्यालाच काढू द्यावा. किती, ते त्यानंच ठरवावं.

मात्र बक्षीस लावू नका. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांना २००८ मध्ये दिसलं, की मदतीबद्दल वस्तू मिळालेली वीस महिन्यांची बाळं पुढच्या वेळी कमी मदत करतात. नुसत्या कौतुकानं तसं झालं नाही.

इथं एक खटकणारी गोष्ट सांगतो. सरकारी दवाखान्यात वाढदिवसाला फळं वाटायला कुटुंबं येतात. हेतू चांगलाच असतो. पण रुग्णाच्या हातात केळं द्यायचं, तो हात तसाच धरायचा आणि मोबाइलकडे बघून हसायचं! सलाइन लावलेला माणूस मान वळवतो, ते शेजारी उभं असलेलं पोरगं बघत असतं. फोटो बक्षिसासारखाच असतो. त्यापेक्षा मोबाइल खिशात ठेवून 'मामा, बरं वाटतंय का?' एवढं विचारलेलं मुलाला ऐकू द्या.

शेणी दान मला म्हणूनच आवडतं. ज्याच्यासाठी दिलं तो आभार मानायला येणार नसतो, आणि त्याच्या घरच्यांना देणारा माहीत नसतो. पोरगं विचारेल, 'या कुणाला द्यायच्या?' तेव्हा सरळ सांगावं, 'ठाऊक नाही रे, ज्याला लागतील त्याला.' आणि पुढची पाटी त्याच्या हातात द्यावी.